थांब म्हटले की मी येतो

मी एक जुना कुत्रा आहे. जुना म्हणजे बारा वर्षांचा, कुत्र्यांत आजोबाच म्हणायचा. रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, आणि जात विचाराल तर घरची. माझे नाव थांब.

हसू नका, मित्रांनो. नाव असेच आहे आणि ते मी स्वतः निवडले आहे. मी या घरात आलो तेव्हा ओंजळीएवढा होतो. आमची आई शिवणकाम करते. पुढची खोली म्हणजे तिचे दुकान: खिडकीपाशी मशीन, मध्ये कापड बेतायचे लांब टेबल, भिंतीला उभा आरसा. अशा खोलीत कुत्र्याचे पिल्लू सोडले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. अस्तर ओढले की आई म्हणे, "थांब." बॉबिन पळवली की "थांब." शाळेची बस चालवणारे आमचे बाबा सकाळी आपला बूट शोधत माझ्या मागे धावत, तेही "थांब, थांब" करीतच. आठ दिवसांत माझी खात्री पटली की हेच आपले नाव. मग कोणी थांब म्हटले की मी असेन तिथून धावत येऊ लागलो. घरातल्या मुलीने, म्हणजे आमच्या ताईने, मागाहून दोन-तीन छान नावे ठेवून पाहिली, पण मी ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी सगळ्यांनी हात टेकले. मला बोलवायचे तर "थांब" आणि थांबवायचे तर "पुरे", असा आमच्या घरचा कायदा झाला.

कामात मी कधी कुचराई केली नाही. गिऱ्हाईक फाटकाशी आले की दोनदा भुंकायचे, ओळखीचे असेल तर एकदाच. कपड्यांची ट्रायल चालू असताना कोपऱ्यात गप्प पडून राहायचे. टेप सापडेनाशी झाली की आई म्हणे, "थांब, टेप," आणि मी ती कुठूनही हुडकून आणी. बहुतेक वेळा ती आईच्या गळ्यातच असे. तेव्हा मी समोर बसून नुसता तिच्या गळ्याकडे बघत राही. गिऱ्हाइके म्हणत, "हा कुत्रा नाही हो, कारागीर आहे." मी ते ऐकून न ऐकल्यासारखे करी. स्तुती कशी घ्यावी हेही शिकावे लागते.

मग हळूहळू मला हाक मारणे कमी झाले. आधी अंगणातली हाक बंद झाली, मग स्वयंपाकघरातली. टेप शोधायला कोणी बोलावीना. पूर्वी संध्याकाळी बाबा फाटकातूनच मला साद घालीत. आता ते समोर येऊन उभे राहीपर्यंत मला पत्ताच नसे. मी मनाशी म्हटले, कामापुरता मामा म्हणतात तो हाच. मी रागावलो नाही. पण मला वाईट वाटले, हे कबूल करतो. जिथे कोणी बोलवत नाही तिथे मध्येच पडून राहू नये, म्हणून मी घरामागच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन झोपू लागलो.

घरात मात्र वेगळेच बोलणे चालले होते. ते मला नंतर कळले. बाबा म्हणत, "म्हातारा हट्टी झालाय. ऐकतच नाही." ताई म्हणे, "उदास झालाय तो. त्याला सोबत हवी."

आणि एका रविवारी ती सोबत घेऊन आली. सोबत म्हणजे कॉर्गी जातीचा एक कुत्रा. त्याला पाहून मला वाटले, चांगला लांबलचक कुत्रा बेतला आणि पायांपाशी येऊन कापड संपले. कान मात्र दोन्ही उभे, आणि चालण्यात असा रुबाब की घर त्याचे आणि आम्ही पाहुणे. बाबांनी त्याला बुटक्या म्हटले आणि तेच नाव पडले.

टाकून दिलेली जनावरे सांभाळणाऱ्या एका संस्थेतून तो आला होता. सोबतच्या कागदावर लिहिले होते: दोन घरांतून परत. टाचांना चावतो. थांब म्हटले तर थांबत नाही. संस्थेच्या बाईंनी ताईला बजावले होते, "पंधरा दिवस ठेवून बघ. तिसऱ्यांदा परत आला तर मी त्याला पुन्हा कुठल्या घरी देणार नाही. मग तो जन्मभर आमच्या पिंजऱ्यात."

"म्हणजे याचीही ट्रायलच," आई म्हणाली. "बघू कुठे घट्ट होतोय, कुठे सैल."

कागदावरच्या शेवटच्या वाक्याचे आमच्या घरात काय होणार, हे खरे तर तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. पण घरच्यांना घरातले वेड दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या मागच्या पायांना लागला. मी टाकीखाली निवांत पडलेला असे. हा कुठूनसा येई, टाचेला हलकेच दात लावी आणि ढकलत ढकलत मला घरात नेई. जाऊन पाहावे तर माझे जेवण वाढून ठेवलेले, नाहीतर बाबा नुकतेच कामावरून आलेले. मला वाटे, योगायोग. मी गुरगुरलो, एकदा पंजाही मारला. तो अंग झटकून पुन्हा टाचेशी हजर.

घरच्यांना दिसत होते ते एवढेच, की थांब म्हटले रे म्हटले की बुटक्या जीव खाऊन पळत सुटतो. "थांब म्हणजे पळ, असं समजणारा जगात हा एकटाच कुत्रा," बाबा म्हणाले. स्वतःच्या घरातला दुसरा त्यांना आठवला नाही.

बाराव्या दिवशी गोष्ट हाताबाहेर गेली. बँकेतल्या एक मॅडम ट्रायलसाठी निळा घेरदार स्कर्ट घालून उभ्या होत्या. घेर नुसता कच्च्या टाक्यांवर होता. आई खाली बसून टाचण्या लावत होती आणि बुटक्या स्कर्टच्या सावलीत पहुडला होता. तेवढ्यात ताई अनवाणी आत येऊ लागली. आई म्हणाली, "थांब, टाचण्या पडल्यात." बुटक्या उठला आणि निम्मा घेर डोक्यावर घेऊन दाराबाहेर गेला. मी टाकीखालून पाहिले तर एक निळे कापड माझ्याकडे धावत येत होते. त्याने येऊन माझी टाच धरली.

"हा कुत्रा इथे असेल तर मी कपडे दुसरीकडे टाकीन," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी आई ताईला म्हणाली, "मलाही वाईट वाटतंय गं. पण हा माझ्या पोटावर पाय येतोय. रविवारी बोलाव त्यांना." ताई मागे येऊन टाकीपाशी बसली, बुटक्याला मांडीवर घेतले आणि रडत म्हणाली, "अरे, एकदा तरी थांब ना." तो मांडीवरून उतरला आणि मला उठवू लागला. मी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या पाठीची मला आजही लाज वाटते.

रविवारी संस्थेच्या बाई आल्या. पुढे जे बोलणे झाले ते ताईने माझ्या कानाशी बसून इतक्यांदा सांगितले आहे, की मला तोंडपाठ आहे.

"नेण्याआधी मला एकदा बघू दे," बाई म्हणाल्या. "सांगा त्याला थांबायला."

बाबा अंगणात उभे राहून मोठ्याने म्हणाले, "थांब." बुटक्या सुटला. "बघा," बाबा म्हणाले.

बाई त्याच्या मागोमाग घराला वळसा घालून चालू लागल्या. मित्रांनो, एवढी एक गोष्ट आधीच्या दोन घरांनी केली नव्हती आणि आमच्याही घराने केली नव्हती. तो पळतो कुठे, हे बघायला कोणी गेलेच नव्हते.

माझ्या टाचेला दात लागले. मी कुरकुरत उठलो. त्याने मला डावीकडून वळवले, भिंतीच्या कडेकडेने पुढे आणले आणि बाबांच्या पायांशी उभे केले. मग तो आपणहून खाली बसला आणि बाबांच्या तोंडाकडे पाहू लागला.

"याला कशाला आणलं त्यानं?" बाईंनी विचारले.

"हा थांब," आई म्हणाली.

"थांबलाय कुठे?"

"तसं नाही हो. याचं नावच थांब."

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले. "तुम्ही एका कुत्र्याचं नाव थांब ठेवलंत. आणि दुसरा थांब म्हटल्यावर थांबत नाही, अशी तुमची तक्रार आहे."

बाईंनी पुढे विचारले, "आणि हा हाकेला स्वतः का येत नाही?"

"हट्टी झालाय," बाबा म्हणाले, पण आता आवाज खाली आला होता.

बाई माझ्या मागे गेल्या. तिथे त्यांनी काय केले ते मी पाहिले नाही. मला फक्त समोरचे चेहरे दिसले. ताईने तोंडावर हात ठेवला होता. बाई माझ्या डोक्यामागे जोराने टाळ्या वाजवत होत्या, आणि मी शेपटी हलवत बाबांकडे बघत होतो.

"याला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "अगदी कानाशी बोललं तर येत असेल थोडं. आणि हा बुटका गुरं वळणाऱ्या जातीचा. मागे राहिलेल्याला टाचेला दात लावून घरी आणायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. आधीच्या घरांत आणायला कोणी नव्हतं, म्हणून दिसेल त्याच्या टाचा धरायचा. इथे त्याला खरं काम मिळालं."

बाबा माझ्यासमोर मांडी घालून बसले. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाले, "अरे, मी रोज फाटकातून हाक मारतो रे तुला. रोज."

हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकले. माझ्या हाका बंद झाल्याच नव्हत्या. त्या रोज निघत होत्या आणि वाटेत विरत होत्या. ज्याला मी पंजा मारला, ज्याच्याकडे पाठ फिरवली, तो आखूड पायांचा परका कुत्रा त्यातली एक न् एक हाक माझ्यापर्यंत आणून पोचवत होता.

"मग, नेऊ याला?" बाईंनी विचारले.

"खोट कपड्यात नव्हती," आई म्हणाली. "माप घेणाऱ्याचं चुकलं." तिने कागद मागून घेतला आणि सही केली.

बुटक्या दोन दिवसांत "पुरे" शिकला. मॅडमचा स्कर्ट नव्याने शिवून दिला. त्या अजून येतात, फक्त आत पाऊल टाकण्याआधी बुटक्या कुठे आहे ते विचारून घेतात. मी मात्र त्याच्याशी अजून सगळ्यांदेखत प्रेमाने वागत नाही. वयाचा काही मान असतो.

मित्रांनो, मी जुना कुत्रा आहे, तेव्हा दोन शब्द सांगण्याचा माझा हक्क आहे. घरातले कोणी म्हातारे हाकेला ओ देईनासे झाले, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी दोन पावले जवळ जा. त्याला वाटत असेल की तुम्ही बोलवतच नाही. आणि कोणी नवे आले, सांगितलेले सोडून भलतीकडेच धावू लागले, तर त्याला परत पाठवण्याआधी एकदा त्याच्या मागे जाऊन बघा. तुमच्यातलेच कोणी मागे राहिले असेल, आणि तो त्याला आणायला निघाला असेल.