माझ्या दोन खोडांमधला झोपाळा

मी एक जुना कडुनिंब आहे. पण मित्रांनो, जुना म्हणजे मोडका असं समजू नका! बडोद्यात समा भागातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी मी उभा आहे. माझा शेंडा तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत डोकावतो. या गल्लीत माझ्या तोडीचं झाड नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण ते खरंच आहे.

मला खोडं दोन. मी गुडघ्याएवढा असताना एका शेळीने माझा शेंडा कुरतडला. दुसरं एखादं रोप सुकून गेलं असतं. मी मात्र एकाऐवजी दोन शेंडे काढले आणि दोन्ही वाढवले. तेव्हा इथे शेतं होती, घरं नंतर आली. लोक माझ्या खोडांना थोरला आणि धाकटा म्हणू लागले. धाकटा जरा फाटकाशेजारी राहणाऱ्या कांचनबेनच्या घराकडे झुकलेला. पाडव्याला मराठी घरांतले लोक माझा पाला न्यायचे आणि कांचनबेन माझ्या मोहराचा रस मुलांना बळेबळे पाजायच्या. मुलं तोंडं वाकडी करायची. मला भारी मजा वाटायची.

सोसायटीतले श्रीपतराव माने रिफायनरीतून निवृत्त झाले. बडोद्याच्या माणसाला झोपाळ्याशिवाय चैन पडत नाही, पण त्यांच्या घरात झोपाळ्याला जागा नव्हती. मग त्यांनी माझ्या दोन खोडांमध्ये लोखंडी पाइप ठोकून बसवला आणि त्याला कड्या लावून झोपाळा टांगला. काय सांगू, माझी छाती फुगली! संध्याकाळी श्रीपतराव आणि त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई चहा घेऊन बसायचे. ते उठले की मुलांची झुंबड. श्रीपतराव कौतुकाने म्हणायचे, "झुला रे, बिनधास्त झुला! हत्ती टांगला तरी याला काही होणार नाही."

मला ते ऐकायला आवडायचं. पण प्रत्येक झोक्याला तो पाइप माझ्या दोन खोडांना एकमेकांपासून रेटत होता. खोडं जिथे एकत्र येतात, त्या बेचक्यात माझी साल आत दाबली गेली आहे. तिथे लाकूड लाकडाला नीट जुळलेलंच नाही. नेमकी तिथेच चीर पडली.

श्रीपतरावांनी चीर पाहिली आणि लगेच सिमेंट कालवलं. माणूस प्रेमळ, पण घाई फार! लिंपून झाल्यावर वरून हात फिरवून म्हणाले, "चला, काम पक्कं." कसलं डोंबलाचं पक्कं? मी काय भिंत आहे? मी वाऱ्याबरोबर हलतो, सिमेंट हलत नाही. त्याच्यामागे पाणी साचलं आणि आतलं लाकूड कुजायला लागलं.

वैशाखातल्या एका वावटळीत कडकन आवाज झाला. चीर हातभर खाली गेली. कांचनबेन धावत बाहेर आल्या. "श्रीपतभाई, आ झाड मारा घर पर पडशे तो? माझी सानवी त्याच खोलीत झोपते!" मला त्यांचा राग नाही आला. सानवी त्यांची नात. त्यांची भीती खरी होती. सोसायटीची बैठक भरली आणि मला तोडायचंच असं जवळजवळ ठरलं. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

राजेश्वरीबाईंनी श्रीपतरावांच्या भाचीला, अवंतीला, बोलावून घेतलं. जुन्या झाडांची देखभाल हेच तिचं काम. तिने वाकून बेचकं निरखून पाहिलं, लाकूड ठोकून आवाज ऐकला, मग शिडी लावून खोडं वरपर्यंत तपासली.

"मामा, झाड वाचेल," ती म्हणाली. "सिमेंट काढू, फांद्यांची टोकं थोडी हलकी करू आणि दोन्ही खोडं उंचावर पोलादी दोराने एकमेकांना बांधू. तोवर सानवीला दुसऱ्या खोलीत झोपवा. पण हा झोपाळा आजच उतरला पाहिजे."

"झोपाळ्याने काय बिघडलंय?" श्रीपतराव उसळले.

"तोच तर झाडाला फाडतोय, मामा."

श्रीपतरावांनी बराच वेळ झोपाळ्याची फळी हाताने धरून ठेवली. मग घरातून पाना आणला आणि कुणालाही हात लावू न देता एकेक कडी स्वतः सोडवली. पाइप निघाला तेव्हा माझ्या अंगात कळ उठली, पण नंतर किती मोकळं वाटलं! राजेश्वरीबाईंनी डोळे पुसले. कांचनबेन म्हणाल्या, "एक चोमासुं, एक पावसाळा बघते. मग ठरवू."

सिमेंट निघालं, फांद्यांची टोकं हलकी झाली, दोर बसला. आषाढात एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. सगळी सोसायटी गॅलरीत येऊन श्वास रोखून बघत होती. धाकटा झुकला, दोर ताणला गेला, थोरल्याने त्याला धरून ठेवलं. मी उभाच! वारा थांबल्यावर कांचनबेन चिखल तुडवत आल्या आणि त्यांनी बेचक्याखाली हात ठेवून पाहिलं. चीर तेवढीच होती. मग त्या घराकडे वळून ओरडल्या, "सानवी, तुझी गादी आण बेटा, परत तुझ्या खोलीत!"

मित्रांनो, माझ्यावर कुणी कुऱ्हाड चालवली नव्हती. मला फाडलं ते लाडाने. तुमच्या दारात दोन खोडांचं जुनं झाड असेल, तर त्याला काही टांगू नका, त्याच्यात काही ठोकू नका, भेगेत सिमेंट भरू नका. जाणकाराला दाखवा, आणि वर्षातून एकदा तरी त्याचं बेचकं बघून घ्या. आणि कुणी म्हणालं, "आता याच्यात काय राम उरलाय, टाका तोडून," तर त्याला माझ्याकडे पाठवा. मे महिन्यात, भर दुपारी, अनवाणी पाठवा. माझ्याखाली पाच मिनिटं उभा राहू दे, मग विचारा.