दहावी ओळ

आत्याच्या टेबलावर नऊ कोरण्या होत्या, त्यांतल्या दोन मोडक्या. वाळू भरलेली एक चामडी उशी, एक भिंग, एक खडू आणि एक पितळी कप. कपावर इंग्रजीत कोरलेल्या नऊ ओळी होत्या आणि नऊही ओळींत एकच नाव.

"आता दहावी," आत्या म्हणाली. "पण सेक्रेटरींना या वेळी नुसतं नाव नकोय. खाली इंग्रजीतला एखादा जबरदस्त शब्द हवाय. जो कधी हरतच नाही, त्याला काय म्हणतात गं?"

माझी बी.एस्सी.ची परीक्षा नुकतीच संपली होती. दुपारची मी तिच्याकडे, ढाली आणि कपांच्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जाऊन बसायचे. पुढच्या भागात मालकांनी कोरायचं नवं मशीन आणलं होतं. हंगाम संपला की मागचं टेबल काढायचं, असं ठरलं होतं. आत्याने त्यावर वाद घातला नव्हता. तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा पेला ती दोन्ही हातांनी धरायची.

"अनकॉन्करेबल," मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजलं. "तेरा अक्षरं! अगं, हा कप आहे, पाण्याची टाकी नव्हे."

"मग इंडॉमिटेबल."

"त्यात एम आहे. एम म्हणजे लठ्ठ पाहुणा, एकटा दोघांची जागा अडवतो."

"इन्व्हिन्सिबल?"

तिने खडूने टेबलावर अक्षरं काढली. "तीन आय. हा आय फार गुणी. कोपऱ्यातसुद्धा अंग चोरून उभा राहतो. हाच बसवू."

"पण आत्या, अनबीटन जास्त बरोबर आहे. अनबीटन म्हणजे अजून हरलेली नाही. ते खरंच आहे. इन्व्हिन्सिबल म्हणजे हरूच शकत नाही. ते कसं तपासणार?"

"ते तू तपास. मी जागा बघते."

हा कप टेबल टेनिसच्या एका क्लबाचा. तिथे एक वेगळीच पद्धत होती. फायनलच्या आधीच कप कोरून घ्यायचा, म्हणजे सामना संपल्या संपल्या हातात देता येतो. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई दरवर्षी जिंकायच्या. सगळे त्यांना चॅम्पियनबाई म्हणत. "फायनल म्हणजे काय हो, हजेरी लावायची," असं सेक्रेटरी सांगायचे. ते दहावं नाव आणि त्याखालचा शब्द कोरायला आत्याला दोन दुपारी लागल्या. एकेका अक्षरानंतर ती हात मांडीखाली दाबून ठेवायची, थरथर ओसरली की पुढचं अक्षर घ्यायची.

चॅम्पियनबाई हरल्या. गावात नव्यानेच आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाचव्या गेममध्ये हरवलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी कप घेऊन आले. त्यांच्यामागे चॅम्पियनबाईही होत्या.

"ताई, नाक कापलं हो आमचं," सेक्रेटरी म्हणाले. "काल कप कापडात गुंडाळूनच दिला आणि लगेच परत मागून घेतला. आता हे नाव आणि तो शब्द काढून टाका."

"कोरलेलं पुसत नाही. खरवडावं लागतं," आत्या म्हणाली. "पत्रा पातळ होईल."

"होऊ दे. खाली दुसरी जागाच नाही. डॉक्टरीणबाईंचं नाव तिथेच यायला हवं. ते मशीनवर टाका, मालक म्हणाले पाच मिनिटांचं काम."

"मशीनवर नको," चॅम्पियनबाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी वळून पाहिलं.

"माझ्या नऊ ओळी ताईंच्या हातच्या. मग हिचीच छापील का? ती काय माझ्यापेक्षा कमी खेळली?"

आत्याने उजवा हात पुढे धरला. बोटं हलत होती. "हे बघ, चॅम्पियन. पातळ पत्र्यावर कोरणी घसरली तर भोक पडेल. मग तुमचा कप गेला."

"कप मी धरते."

"काल तुझंच मनगट हललं म्हणे."

"हललं ना. अगदी ऐन वेळी." त्या हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "म्हणून आज घट्ट धरते."

सेक्रेटरी थोडा वेळ घुटमळले आणि मग निघून गेले.

आत्या तिधारी खरवडणी घेऊन कामाला लागली. खरवडायला नेम लागत नाही, जोर लागतो आणि तो तिच्यात अजून होता. पितळेचा बारीक चुरा उशीवर पडत होता. चॅम्पियनबाई मधूनमधून फुंकर मारून तो उडवत होत्या. आधी त्यांचं नाव गेलं, मग शब्द एका बाजूने कमी होऊ लागला.

"काय अर्थ होता गं याचा?" त्यांनी मला विचारलं.

"ज्याला हरवताच येत नाही असा."

"बाप रे! बरं झालं काढला. एवढं ओझं घेऊन सर्व्हिस करायची म्हणजे!"

मग आत्याने कोरणी उचलली. चॅम्पियनबाईंनी कप दोन्ही हातांनी उशीवर दाबून धरला. आत्याने उजव्या हाताचं मनगट त्यांच्या बोटांवर टेकवलं आणि पहिली रेघ ओढली. अंधार पडेपर्यंत दोघी क्वचितच बोलल्या. एकदा आत्या म्हणाली, "दुखत असेल तर सांग." एकदा चॅम्पियनबाई म्हणाल्या, "ई थोडा वाकडा आलाय." "डॉक्टरीणबाई दात सरळ करतात ना? त्यांनाच करू दे," आत्या म्हणाली. त्या इतक्या हसल्या की काम थांबवावं लागलं.

ते त्या टेबलावरचं शेवटचं काम. नंतर तिथे खोकी आली.

पुढे क्लब बंद पडला. कप भंगारात जाणार होता. तो चॅम्पियनबाईंनी मागून घेतला आणि आत्याकडे आणून ठेवला. आत्या गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी आता एका प्रयोगशाळेत मोजमापाचंच काम करते. गेल्या आठवड्यात मी कप तिथे नेला आणि दहाही ओळींखाली पत्र्याची जाडी मोजली.

पहिल्या नऊ ओळींखाली एक पूर्णांक दोन मिलिमीटर. दहावीखाली शून्य पूर्णांक आठ.