मागे राहिलेली पिशवी

मित्रांनो, माझ्या पोटात दूध-भाजी कधी राहिलीच नाही. मी एका लहान इस्पितळाच्या रक्तपेढीतला जुना फ्रिज. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेली भावंडे कुणी दुकानात गेली, कुणी नव्या संसारात. माझ्या वाट्याला रक्ताच्या पिशव्या आल्या.

आमची पेढी ताई सांभाळते. ती नवीन होती तेव्हा, नुकतीच आलेली पिशवी सरळ पुढे ठेवली जायची आणि आधीची मागे ढकलली जायची. रक्ताचे आयुष्य जेमतेम पाच आठवड्यांचे. मागे राहिलेले तिथेच संपून जायचे.

एक गवंडीकाका नेमाने रक्त द्यायला येत. त्यांचा गट फार दुर्मीळ. एकदा त्यांनी सहज विचारले, मागच्या खेपेचे रक्त कुणाच्या उपयोगी पडले का? ताईची मान खाली गेली.

"काका, तुमची पिशवी मागेच राहिली. मुदत संपली, टाकून द्यावी लागली."

काका रागावले नाहीत. रुमालाने उगाचच हात पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरी, लागेल तेव्हा हाक मार. मी कुठं पळून चाललोय?"

त्याच दिवशी ताईने माझे कप्पे नव्याने लावले. जिची मुदत आधी संपणार ती पिशवी पुढे, ताजी मागे. इथे लागणार नाही असे दिसले, की वेळ हाताशी असतानाच ती मोठ्या इस्पितळात पाठवायची. दुर्मीळ गटाच्या लोकांना साठा उतरला की मगच फोन करायचा. सुरुवातीला पेढीतले सगळे कुरकुरले. ताईने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि आपले तेच केले.

मग एका दुपारी प्रसूतिकक्षातून निरोप आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिचा गट नेमका काकांचा. त्या गटाची एकच पिशवी माझ्याकडे होती, तीही एका आजोबांच्या ऑपरेशनसाठी राखलेली. त्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उद्यावर नेता येईल, पण आजोबांना विचारायला हवे. ताई धावतच त्यांच्या खाटेशी गेली. परत आली ती डोळे पुसतच. पिशवी घ्यायला आलेल्या नर्सला म्हणाली, "आजोबा म्हणाले, माझं दुखणं जुनं आहे, थांबेल. त्या लेकराच्या आईला आधी द्या."

पिशवी गेली. ताईने काकांना फोन लावला. ते कोपरापर्यंत सिमेंट घेऊन आले, हात धुतले आणि खाटेवर आडवे झाले. त्यांचे रक्त तपासून दुसऱ्या दिवशी आजोबांना मिळायचे होते आणि मिळालेही.

प्रसूतिकक्ष मला दिसत नाही. मला दिसत होती फक्त ताई. टेबल पुसलेले असूनही ती पुन्हा पुन्हा पुसत होती. बऱ्याच वेळाने फोन वाजला. तिने ऐकले, "बरं" म्हणाली, आणि येऊन माझ्या दाराला कपाळ टेकले.

"वाचली," ती हळूच म्हणाली. खोलीत तेव्हा माझ्याशिवाय कुणीच नव्हते.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे, दाराचे रबर सैल झाले आहे. माझे एवढेच मागणे आहे: मोठे झालात की रक्त द्या, आणि दिलेले कुणाचेही वाया जाऊ देऊ नका. मला ऊब मानवत नाही. पण पिशवी न्यायला कुणी दार उघडले, की जी थोडीशी ऊब आत येते ना, तेवढी मला चालते.