उघड्या तोंडाचं कौल

मित्रांनो, मी एक जुनं कौल आहे. एवढं ऐकून लगेच मान फिरवू नका. मी चारचौघांसारखा नाही, मी धुराचं कौल आहे. माझ्या पाठीवर टोपीसारखा उंचवटा आहे आणि त्याखाली कायमचं उघडं तोंड. पाऊस टोपीवरून घसरून जातो आणि घरातला धूर तोंडातून बाहेर पडतो. शेजारची कौलं मला चिडवायची, "याला काही तोंड मिटता येत नाही!" मी म्हणायचो, "मी मिटलं तर खालची माणसं खोकून बेजार होतील." तेव्हा मी हे आपलं टेचात म्हणत असे.

लाल मातीतून मला साच्यात दाबलं आणि भट्टीत खरपूस भाजलं. धुराशी माझी ओळख तिथलीच. मग ट्रकमधून मी दिवेआगरला आलो. रघूच्या वडिलांनी घर बांधलं, तेव्हा मला स्वतःच्या हातांनी बरोबर चुलीच्या वर बसवलं. काय दिवस होते ते! खाली नारळाची सोडणं, म्हणजे वाळकी सालं, धुमसायची, भाकऱ्या फुगायच्या, सुके बोंबील भाजले जायचे. आज या घरात काय शिजतंय, हे वाडीतल्या पोफळींना सगळ्यात आधी मीच कळवायचो. रघूची आई भाकरी थापताना वर बघून म्हणायची, "या कवलानं माझं डोलं राखलं." मग मी दिवसभर फुशारून जाई.

मग ते मोठं वादळ आलं. नारळ आडवे झाले, पोफळी काडीसारख्या मोडल्या. वारा कौलांच्या फटीतून आत शिरला आणि अख्खं छप्पर उचलून घेऊन गेला. रघू आपल्या चिमुकल्या लेकीला, प्रणालीला, पोटाशी धरून खाटेखाली बसला होता. वर बघतो तर आभाळ! त्या क्षणाची धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही. मी झावळ्यांच्या ढिगावर पडलो म्हणून वाचलो, नुसता एक कोपरा उडाला.

रघूने घरावर पत्रे घातले. भिंत आणि पत्रा यांच्यामधली एकूण एक फट सिमेंटने लिंपून टाकली. कोकिळा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "चुलीवर जरा जागा सोडा की." तर म्हणाला, "वाऱ्याला फट दिसली का घर गेलं. एक डाव बघितलं, परत बघायचं न्हाय मला." त्याला नावं कशी ठेवू? पोरीच्या मायेपोटीच त्याने घर डबीसारखं बंद केलं होतं.

मी मागील दारी केळीच्या बुंध्याशी पडून राहिलो. माझ्या टोपीखाली एक बेडूक राहायला आला. बरं वाटलं, कोणाला तरी माझा उपयोग होता.

पुढे पर्यटक परत येऊ लागले. रघूने दारावर पाटी लावली, 'चुलीवरचं जेवण मिळेल'. रोजचं घरचं जेवण गॅसवर होई, पण पाहुणे आले की चूल पेटायची. राहत्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि घरच्यांनी स्वयंपाकघरात आवरून घ्यायचं, ही इथली रीतच आहे. प्रणालीचं दप्तर आणि अंथरूण चुलीवरच्या माळ्यावर गेलं.

चौथीतली ही पोर मोठी जिद्दीची. तिच्या वर्गात पैज लागली होती, एकोणतीसचा पाढा एका दमात म्हणायचा. पाहुण्यांच्या दिवसांत माळ्यावर बसून ती रोज म्हणायची. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... आणि पाचावर आली की खोकला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा खोकला. पुढे पुढे तर झोपेतही तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मागील दारी पडल्या पडल्या मला तो ऐकू यायचा आणि माझा जीव तुटायचा.

तिला तपासताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात धूर होतो का?" रघूने छाती पुढे काढून सांगितलं, "न्हाय डाक्टर, गॅस हाय आमच्याकडं." तो खोटं बोलला नव्हता. चूल पाहुण्यांची, तिचा हिशेब त्याच्या डोक्यात आलाच नाही.

तो कोकिळाच्या डोक्यात आला, आणि म्हणूनच मला या बाईचं फार कौतुक वाटतं. तिने कुठे काही वाचलं नव्हतं, पण लेकीचा श्वास ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. एका शनिवारी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती रघूला म्हणाली, "पोर मानगावला मामाकडं खोकत न्हाय. पाऊसकाळात पाव्हणं नसत्यात, तवा खोकत न्हाय. पाव्हणं आलं का खोकती. आता तुमी माळ्यावर चढा. माझ्या भाकऱ्या होईस्तोवर उतरायचं न्हाय."

"येडी का काय तू?"

"चढा म्हनलं ना! तुमची पोर रोज बसती तिथं."

रघू चढला. सोडणं पेटली. सगळा धूर वर गेला, पत्र्याला लागला आणि वाट नाही म्हणून माळ्यावरच साचला. पहिल्याच भाकरीला रघू खोकत खोकत शिडीवरून खाली आला. डोळे लाल, नाक वाहतंय. तो मागील दारी येऊन माझ्या शेजारीच बसला. मग म्हणाला, "कोकिळा, मी वारा भाईर ठेवाया गेलो आन् पोरीला धुरात कोंडलं गं."

कोकिळा त्याला एका शब्दानेही लागेल असं बोलली नाही. तिने फक्त मला उचललं, झटकलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. बेडूक टुणकन उडी मारून केळीत गेला.

रघूने चुलीवरचा पत्रा कापला, त्यावर लाकडी चौकट बसवली, उरलीसुरली कौलं रचली आणि सगळ्यांच्या वर मला. माझ्या कडेच्या भोकातून तार ओवून त्याने मला वाशाला घट्ट बांधलं. वाऱ्याची भीती त्याला अजून आहे, आणि ती असावीच. वादळानंतर बंद केलेली मागची खिडकीही मोकळी केली. प्रणालीला तिची खोली परत मिळाली. पाहुण्यांना आता एक खोली कमी, पण चुलीच्या वर कोणी झोपत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी चूल नसेलही. पण डासांची कॉइल असेल, धूप असेल, फोडणीचा खाट असेल, आणि सगळी दारंखिडक्या बंद असतील. जरा वर बघा आणि विचारा, हा धूर जाणार कुठून? त्याला वाट दिली नाही, तर तो घरातल्या सगळ्यात लहान छातीत जाऊन बसतो.

डॉक्टरांचं औषध चालूच होतं. खोकला एकदम गेला नाही, हळूहळू सरला. परवा कोकिळा पाहुण्यांच्या भाकऱ्या भाजत होती आणि प्रणाली ओटीवर पाढा म्हणत होती. पाचावर आली तेव्हा कोकिळाचा हात तव्यावरच थांबला. रघू नारळ सोलायचा थांबला. मीही कान टवकारले. सहा झाले, सात झाले, आठ, नऊ... "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद!"

तव्यावरची भाकरी करपली होती. तिचा धूर माझ्या तोंडातून बाहेर पडला आणि पोफळींच्या वर निघून गेला.