चार बोटांची जागा

भाचीला सगळे काडी म्हणायचे आणि मामाच्या मुलाला घण. नावं ठेवणाऱ्यांनी फार डोकं चालवलं नव्हतं, पण नेमही चुकला नव्हता. मामा तलवारबाजीचा वर्ग चालवायचा. त्याचे गुडघे गेले आणि वर्ग कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दोघं एकेक वार करतील. ज्याची चटईची गुंडाळी तुटेल, त्याचा वर्ग." काडीनं मनातल्या मनात वर्गाच्या किल्ल्या कमरेला लावूनही टाकल्या.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे शाळेत सगळेच घोकतात. मामानं ते तिच्या मनगटात उतरवलं होतं. पातं ज्या रेषेत, त्याच रेषेत वार. मूठ आवळायची नाही. ओढ करंगळीची, बाकी काम धारेचं. आई गेल्यापासून ती त्याच्याकडेच वाढली होती आणि तिचा वार पात्याच्या एकाच जागेवर बसावा, टोकापासून वीतभर खाली, म्हणून त्यानं तिला घासून घासून तयार केलं होतं. घणाचं तंत्र सोपं होतं. दातओठ खायचे आणि हाणायचं, पातं कुठंही लागो.

त्या दिवशी बाकांवर विद्यार्थ्यांचे आईबाप दाटीवाटीनं बसले होते. मधोमध खुंट्यावर भिजवलेल्या चटईची गुंडाळी उभी होती. आधी घण. त्यानं हाणलं तशी चटई पिंजली, खुंटा कलंडला, पण दोन तुकडे झाले खरे. "अरे, तोडलीस की चावलीस?" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

मग नवी गुंडाळी आणि काडी. पाय बरोबर, खांदा सैल, रेषा सरळ. आणि तलवार अर्ध्यात अडकली.

आता कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. भर सभेत मुस्काटात बसावी तशी ती उभी राहिली. मामानं मान खाली घालून निकाल सांगितला.

मागच्या खोलीत ती पातं पुसत आपली चूक शोधत बसली. मनगट? पाय? स्वतःला शिव्या घालून झाल्यावर तिनं धारेवर नख टेकवून पाहिलं. मुठीजवळ धार नखात रुतली, मध्येही रुतली, टोकालाही. फक्त टोकापासून वीतभर खाली, चार बोटांच्या जागेत, नख नुसतं घसरलं. तिथं धार घालवायला दगड फिरवला होता, तोही इतक्या सफाईनं की डोळ्यांना कळू नये. आणि तलवारींच्या धारेला मामाशिवाय कुणाचा हात लागत नसे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मामा दारात येऊन उभा होता. तिचं नख कुठं टेकलंय ते त्यानं पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला.

"त्याला दुसरं काय येतं गं?" तो म्हणाला. "तू कुठंही पोट भरशील. तो माझ्या माघारी रस्त्यावर येईल."

"मग अख्खं पातं बोथट करायचंस, मामा. मी म्हटलं असतं, म्हातारा थकला, धार लावायची राहिली. माझा वार कुठं बसतो हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"अख्खं करवेना," मामा पुटपुटला. "तुझी तलवार होती ती."

तिला रडू फुटलं. याच माणसाच्या कुशीत शिरून रडायची तिला सवय होती, आणि आज तीही सोय उरली नव्हती.

इतक्यात बाहेरून घणाची हाक आली. "काडे, ये ना लवकर! पोरं पायांचं विचारतायत, मला कुठं सांगता येतंय ते!" बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मामानं आशेनं वर पाहिलं. "जाशील ना? शिकवायचं तूच बघ. नाव फक्त त्याचं."

म्हणजे हेही त्यानं आधीच गृहीत धरलं होतं. काडीनं डोळे पुसले, तलवार त्याच्या मांडीवर ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"दादा, मी येत नाही," ती दारातून म्हणाली. "आजही नाही, उद्याही नाही. का ते तुझ्या बाबांना विचार."