एका मुलीपुरता तास

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्या साली सव्वाशेवर मुलं होती आणि मुली दोनच. एक सरोज मुंदडा, वाशीमच्या कापड दुकानदाराची. दुसरी भागिरथा, किन्हीराजा गावच्या इंद्रभानची मुलगी.

कॉलेजचा एक रिवाज होता. मुलींनी आधी जाऊन वर्गात बसायचं नाही. जिन्याखालच्या लेडीज रूममध्ये थांबायचं. तासाचे सर व्हरांड्यातून आले की मान खाली घालून त्यांच्या मागोमाग निघायचं, पुढच्या डावीकडच्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून परत यायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

दोघी होत्या तोवर भागिरथाला या रिवाजाचं काही वाटलं नाही. सरोज बोलकी होती. प्राध्यापकांच्या नकला करायची, डब्यातला पराठा अर्धा मोडून पुढं करायची. भागिरथाची ज्वारीची भाकर मात्र ती घेत नसे. का घेत नाही, हे भागिरथाने कधी विचारलं नाही. इतकं हसणारं माणूस रोज शेजारी बसतं, हेच तिला पुष्कळ होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरोज आलीच नाही. चार-आठ दिवसांनी ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं की तिचं लग्न ठरलं, हिंगोलीला दिलं. लग्न वाशीमलाच झालं. वरात पाटणी चौकातून गेली तेव्हा भागिरथा आत्यासाठी मीठ घ्यायला बाजारात आली होती. बँडच्या मागं, फुलांच्या माळांच्या आड तिला सरोजचा हात तेवढा दिसला.

तेव्हापासून लेडीज रूम तिची एकटीची झाली. आर्ट्‌सच्या मुलींचे तास सकाळी असत. सायन्सचे तास दुपारी सुरू होईपर्यंत त्या घरी गेलेल्या असत. खोलीत एक लांब बाक, एक आरसा आणि पाण्याचा माठ. भागिरथा तिथं बसून पुस्तक वाचायची. वाचायची म्हणजे झगडायची. किन्हीराजाजवळच्या मालेगावच्या हायस्कुलात सगळं मराठीतून झालेलं, इथं सगळं इंग्रजीतून. त्रिकोणाला, वर्तुळाला, साध्या बेरजेलाही इथं वेगळी नावं होती. गणित तिला येत होतं. ते कुठल्या शब्दात येतंय, एवढंच कळत नव्हतं. सरांच्या मागून जायचं, हजेरीला ‘येस सर’ म्हणायचं, परत यायचं. कॉलेजात तेवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघत.

राहायला ती आत्याकडे होती. आत्याचा नवरा जगदेवमामा रेल्वेत गँगमन होता आणि स्टेशनच्या कडेला त्यांचं क्वार्टर होतं. गोजराआत्या मायाळू बाई. पोटभर जेवू घालायची, केसांना तेल लावून द्यायची. पण कॉलेजात आज काय झालं, हे तिला काय सांगणार? एकदा भागिरथाने सांगून पाहिलं. आत्या लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरं हाय माय. भाकर अजून देऊ का?”

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. माघ लागला तसं वसतिगृहाच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. खेड्यापाड्यांतली मुलं वसतिगृहात राहत. आंघोळीला एक बादली, मग अर्धी, मग काहीच नाही. मुलांनी प्राचार्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी संप ठरवला. एकाही मुलानं एकाही तासाला बसायचं नाही, असं आदल्या दिवशी मैदानात सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. त्यात पुढं होता हेमसिंग. तांड्यावरचा पोरगा, आवाज खणखणीत.

भागिरथाला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी लेडीज रूममध्ये बसली होती. बाहेर गलका ऐकू येत होता, पण मुलांचा गलका रोजचाच. काळबांडे सर व्हरांड्यातून आले, ती त्यांच्या मागं निघाली. काळबांडे सर गणित शिकवत. वर्धेकडचे, तिशीचे, अंगाने किरकोळ. नोकरी कच्ची होती, दर वर्षी नवी ऑर्डर निघायची. गावात त्यांचं कुणी नव्हतं. खानावळीत एका कोपऱ्यात बसून जेवताना ते दिसत.

वर्गाच्या दाराशी सर थांबले. आत सगळे बाक रिकामे. भागिरथाही थबकली.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” सरांनी विचारलं.

“काय सर?”

सरांनी हातातल्या खडूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “एकही विद्यार्थी असला तरी तास घ्यायचा, असा प्राचार्यांचा हुकूम आहे. तुम्ही बसता का? जायचं असेल तर जा. माझी ना नाही.”

जायचं म्हणजे कुठं, हे तिला कळेना. बाहेर मैदानभर मुलं. ती आपल्या बाकावर बसली.

सर शिकवू लागले. आधी त्यांचा आवाज रिकाम्या बाकांवर आपटून परत येत होता. मग तो खाली आला, समोरासमोर बोलावं तसा झाला. बोलता बोलता ते इंग्रजी सोडून मराठीत कधी आले, त्यांनाही कळलं नसावं. भागिरथाच्या डोक्यातली गाठ सुटायला लागली. अरे, हे असं आहे होय! सात महिने जे शब्द दगडासारखे पडून होते, ते एकेक करून हलू लागले. आणि तिच्या तोंडून प्रश्न निघून गेला.

“सर, एक्स शून्याच्या जवळ जवळ जातो, पण शून्य होत नाही म्हणता. मग किती जवळ गेला म्हणजे पुरे?”

सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद तिने कधी पाहिला नव्हता.

“पुरे कधीच नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सांगाल तेवढं जवळ, आणि त्याहून थोडं जवळ. हा प्रश्न मला इथं चार वर्षांत कुणी विचारला नव्हता.”

तेवढ्यात खिडकीत डोकी दिसू लागली. आधी दोन, मग दहा. कुणी शीळ घातली. “फितूर! फितूर!” असा ओरडा झाला. उठावं तर मुलांच्या धमकीनं उठली असं होईल, बसावं तर मुलांविरुद्ध बसली असं होईल. ती वहीत मान घालून बसून राहिली. सरांनी तास पुरा केला आणि निघताना हजेरीही मांडली.

व्हरांड्यात हेमसिंग आडवा आला. “एक दिवस नाई बसली असती तं काय झालं असतं?”

“मले काय माहीत संप हाय म्हणून? मले सांगितलं कोणी?”

हेमसिंगने मागं पोरांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “लेडीज रूमात कोण येईन सांगाले?” आणि बाजूला सरला.

ते खरंच होतं. पण त्याने काही मिटलं नाही. त्या एका हजेरीमुळे संप फुटला, असं प्राचार्य सगळ्यांना सांगू लागले. चार दिवसांनी नगरपालिकेच्या टँकरनं वसतिगृहात पाणी आलं आणि संप मिटला. भागिरथाचं नाव मात्र तोंडातोंडी झालं. पहिल्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आजचा तास फक्त एकीसाठी.’ वर्गभर हशा पिकला. काळबांडे सरांनी डस्टरने फळा पुसला. त्या दिवसापासून त्यांनी डावीकडच्या पहिल्या बाकाकडे पाहणं सोडलं.

एवढंच झालं असतं तरी तिने सोसलं असतं. पण सर व्हरांड्यातून यायचेच थांबले. ते पलीकडच्या जिन्याने परस्पर वर्गात जाऊ लागले. पहिल्या दिवशी भागिरथा वाट पाहत बसली आणि तास तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सरांचा आवाज ऐकू आला तेव्हा ती उठली आणि एकटी दाराशी जाऊन उभी राहिली. सव्वाशे माना वळल्या. “मे आय कम इन, सर?” सरांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच “येस” म्हटलं. दारापासून बाकापर्यंतचं ते अंतर तिला रोज नव्याने कापावं लागे.

गावात कुजबुज पसरायला वेळ लागत नाही. जगदेवमामाला ती स्टेशनावरच्या हॉटेलात ऐकू आली. त्याने पोरीला काही विचारलं नाही, किन्हीराजाला निरोप धाडला.

इंद्रभान दुष्काळी कामावर होता, रस्त्याची गिट्टी फोडत होता. एका दिवसाची सुट्टी काढून, धुतलेलं धोतर नेसून आला. जयभीम झाला, पाणी प्यायला, पोरीला खोदून खोदून विचारून घेतलं आणि म्हणाला, “चाल, कोणते सर हायत ते दाखव मले.”

“बाबा, तुमी नका येऊ तिथं.”

“काहून? माही पोरगी शिकते तिथं.”

काळबांडे सर स्टाफरूमच्या बाहेर उभे होते. भागिरथा बापाच्या मागं, खांबाच्या आडोशाला थांबली. इंद्रभानने हात जोडले.

“साहेब, एकच गोष्ट इचारतो. माह्या पोरीचं डोकं चालते का अभ्यासात?”

सर गोंधळले. “चालतं. चांगलंच चालतं.”

“काही वावगं वागली का ती?”

“नाही. मुळीच नाही.”

“मंग तुमी तिच्यासंगं बोलत काहून नाई? घरी आली का तोंडातून शब्द काढत नाई पोरगी.”

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. स्टाफरूममधलं बोलणं थांबलं होतं. “मी बोललो तर लोक तिलाच बोलतील,” ते हळू म्हणाले. “आणि माझी नोकरी अजून कच्ची आहे.”

इंद्रभान रागावला नाही. “तुमचं बी बराबर हाय,” म्हणाला, परत हात जोडले आणि वळला.

बापलेक स्टेशनाकडे निघाले. फाटकाशी येऊन इंद्रभान म्हणाला, “घरी चाल म्हणत नाई, राह्य बी म्हणत नाई. तुह्यावर हाय. म्या तं शाळेची पायरी बी नाई पाह्यली, मले यातलं काय समजते?” त्याचे हात गिट्टीने फुटले होते. भागिरथाला वाटलं, बापाने हुकूम सोडला असता तर बरं झालं असतं. जा म्हणाला असता तर रडत का होईना गेली असती.

“राह्यतो मी,” ती म्हणाली.

“बरं,” इंद्रभान म्हणाला आणि मालेगावची एस.टी. धरायला गेला.

परीक्षेपर्यंतचे दिवस तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. आत्या निजली की चिमणीशी बसून ती गणितं सोडवायची आणि पुटपुटत स्वतःलाच समजावून सांगायची, मराठीत. ऐकणारं कुणी नव्हतं. कधी कधी ती मुद्दाम चुकायची आणि स्वतःला म्हणायची, “असं नाही, पुन्हा पाहा.” प्रॅक्टिकलला जोडीदार लागे. तिच्या जोडीला कुणी येत नसे. डेमॉन्स्ट्रेटर तिला एकटीला टेबल देत आणि ती दोघांचं काम एकटी करायची.

जूनमध्ये नागपूरहून निकाल आला. ती पास झाली. गणितात तिला कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण होते. सूचनाफलकापाशी गर्दी होती. ती आली तशी मुलं बाजूला सरली, तिने आपला नंबर पाहिला, आणि मुलं पुन्हा पुढं सरकली. “पहिली आली वं तू,” हेमसिंग मागून म्हणाला. तिने वळून पाहिलं तोवर तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता.

घरी येताना फलाटावर तिला काळबांडे सर दिसले. अकोल्याच्या गाडीला वेळ होता. सरांजवळ एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. पोचवायला कुणी आलेलं नव्हतं. या वर्षी त्यांची ऑर्डर निघाली नव्हती, हे तिला मागून कळलं.

ती फाटकाशी थांबली. फलाटावर ओळखीची माणसं होती. मामाच्या गँगमधले दोघं होते, हॉटेलवाला होता, कॉलेजातली दोन पोरंही होती. तिने पदर सावरला आणि सरळ चालत गेली.

“सर.”

ते दचकले. उभे राहिले. मग पहिल्यांदाच, कितीतरी महिन्यांनी, त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “निकाल पाहिला मी,” म्हणाले. “फार छान.”

“तुमी चालले?”

“हो. वर्ध्याला एका शाळेत जागा आहे. दुसऱ्या वर्षाला नवीन सर येतील.” थोडं थांबून म्हणाले, “त्यांना प्रश्न विचारत जा.”

“हो सर.”

हॉटेलवाला उघड उघड पाहत होता. ती हलली नाही, सरही हलले नाहीत. गाडी येईपर्यंत ते तसेच उभे राहिले, मध्ये ती पत्र्याची पेटी. गाडी आली तेव्हा तिने पेटीची एक कडी धरली, दुसरी सरांनी. पेटी जड होती, पुस्तकांची असावी. डब्यात चढून सर खिडकीशी आले. काहीतरी बोललेही, पण वाफेच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली.

गाडी गेली. ती क्वार्टरकडे आली तेव्हा आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिथून फलाट दिसायचा.

“कोणासंगं बोलत होती वं?”

“माहे सर होते, आत्या. गाव सोडून गेले.”

आत्याचे हात थांबले. “मंग घरी काहून नाई आणलं त्याईले? घोटभर चहा पेले असते. इतकं जवळ घर हाय.”

भागिरथाला हे सुचलंच नव्हतं. गाडीला चांगला तासभर अवकाश होता. ती उंबऱ्यावर बसली, सूप आपल्याकडं ओढलं आणि तांदळातले खडे वेचू लागली. थोड्या वेळाने आत्याने पाहिलं तर पोरीला खडा कोणता आणि दाणा कोणता ते दिसतच नव्हतं.