जोडीदाराचे पैसे वेगळे

'अठरा हजार, सगळं धरून,' असं धाकटी म्हणाली होती. मी काही दूधखुळी नाही. सव्वीस वर्षं पडदे शिवतेय. 'सगळं धरून' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला अस्तराचे, कड्यांचे आणि दांडीचे वेगळे लावणारी मीच. त्यामुळे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली असती. पण धाकटीनं वाचलेलं मी पुन्हा वाचत नाही.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन घरात आली तशी दुकानातही आली. नऊ वर्षं आम्ही एका लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून कापड धरतोय. जावा म्हटलं की लोकांना भांडणं आठवतात. आमच्या नवऱ्यांची तक्रार वेगळीच होती, की ह्या दोघी एकमेकींशी बोलताना आम्हाला चहाही विचारत नाहीत.

पाण्यात मला तिनंच ओढलं. डायव्हिंग शिकवणाऱ्या एका शाळेच्या खिडक्यांचं माप घ्यायला गेलो होतो, तर धाकटी टेप माझ्या हातात देऊन सिलेंडर बघत बसली. महिन्याभरात आम्ही दोघी पहिल्या कोर्सला होतो. तिथं मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकानं फुंकून ते बाहेर काढायचं, असा एक प्रकार असतो. पाच मीटरवर माझी गाळण उडाली. मी वर पळायला निघाले तेव्हा धाकटीनं माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्यासमोर एकेक उघडली. एक श्वास, दोन श्वास, तीन. मी तिच्याबरोबर मोजलं आणि राहिले.

पाण्याखाली कुणी एकटं जात नाही. प्रत्येकाला एक जोडीदार लागतो, त्याला 'बडी' म्हणतात. एकमेकींची हवा तपासायची, पट्टे तपासायचे, वर आल्यावर एकमेकींच्या नोंदवहीत सही करायची. सहीशेजारी धाकटी एक वाकडा मासा काढायची. खरं सांगायचं तर मला समुद्राचं फारसं कौतुक नाही. मला तिच्या शेजारी असण्याचं कौतुक होतं.

पुढच्या कोर्सला दोन दिवसांत पाच डाइव्ह, त्यातली पहिलीच अठ्ठावीस मीटर खोल. तिथं एक मालवाहू जहाज बुडालेलं आहे. "ताई, डेकवर दोघी उभ्या राहू. फोटोच काढू," असं ती कापड कापता कापता म्हणाली, आणि मी माझे अठरा हजार तिच्या हातात ठेवले. माझा अर्जही तिनंच नेऊन दिला.

त्या शनिवारी ती माझ्याआधी निघाली. म्हणाली, आपलं सामान काढून ठेवते. मी शाळेत पोहोचले तेव्हा काउंटरवर एक मुलगी होती आणि तिच्यामागे आम्हीच शिवलेले निळे पडदे होते. तिनं माझ्यासमोर एक कागद सरकवला.

"काकू, हे बाकीचे."

"बाकीचे कसले? सगळे भरलेत मी."

"ते शिकवण्याचे. हे पुस्तकाचे, ते ऑनलाइन आहे. हे कार्ड छापायचे. हे डाइव्ह कॉम्प्युटरचं भाडं."

हा कॉम्प्युटर म्हणजे मनगटावर बांधायचं घड्याळ. किती खोल गेलात आणि किती वेळ राहिलात ते सांगतं. मी म्हटलं, "एकच द्या. आम्ही दोघींत वापरू."

"दोघींत नाही चालत. प्रत्येकाच्या हाताला वेगळं लागतं."

"आणि हे?"

"बोटीचे."

"बोटीचे वेगळे? मग अठरा हजारांत काय, मी जहाजापर्यंत पोहत जाणार होते?"

ती हसली नाही. हा विनोद तिनं आधी बऱ्याच जणांकडून ऐकला असावा. पुढची ओळ डॉक्टरच्या दाखल्याची होती. पंचेचाळीसच्या वरच्यांना तो लागतो, आणि डॉक्टर शाळेचाच. मी दात-ओठ खात पर्स उघडली. अस्तर, कड्या, दांडी. केलेलं सगळं फिरून माझ्याकडेच आलं होतं, त्यामुळे तोंड वर करून बोलायचीही सोय नव्हती. मग मला सगळ्यात खालची ओळ दिसली. 'जोडीदार – चार हजार.'

"हे काय आहे?"

"तुम्ही एकट्या आहात ना, त्याचे. आज तिघं जण आहेत. ते दोघं नवरा-बायको एकमेकांचे बडी. जो एकटा उरतो त्याला शाळेकडून जोडीदार द्यावा लागतो."

"मी एकटी नाही. माझी जाऊ आहे बरोबर. दोघींचे अर्ज एकत्र दिलेत. नीट बघा."

तिनं नीट बघितलं. मी नाव सांगितलं तशी तिची मुद्रा एकदम खुलली. "त्या होय! त्यांचा हा कोर्स मार्चमध्येच झाला. पुढचा रेस्क्यूचापण झाला. आता त्या आमच्याकडेच शिकाऊ गाइड आहेत." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला त्यांनीच आणलं ना? पाच विद्यार्थी आणले की गाइडची फी माफ होते. तुम्ही पाचव्या."

मार्चमध्ये धाकटी तीन आठवडे माहेरी होती. आईला बरं नाही म्हणून. मी एकटीनं एका लॉजच्या चाळीस खिडक्यांचे पडदे शिवले, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इस्त्री ठेवून कापड दाबलं, आणि तिच्या आईसाठी मऊ कापडाच्या दोन उशा भरून तिच्याबरोबर दिल्या. मी रोज फोन करून विचारायची, आज जेवल्या का त्या. फोनमध्ये वारा घोंघावायचा. ती म्हणायची, गच्चीवर आहे ताई.

मागचं दार उघडलं आणि धाकटी आत आली. अंगात शाळेचा टीशर्ट, दोन्ही हातांत सिलेंडर. माझ्यासमोरचा कागद बघून ती जागीच थांबली.

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी? अठ्ठावीस मीटरवर? तिथं बोलता येत नाही."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं असतं का?"

"म्हणजे दुकान सोडणार आहेस."

तिनं सिलेंडर खाली ठेवले आणि उगाचच त्यांच्या तोंडाचे नळ नीट केले. "फी माफ झाली नसती तर मला जमलंच नसतं. वरच्या पैशांचं मी बोलले होते ह्या शाळेवाल्यांशी. कमी करत नाहीत."

म्हणजे कागदावरची प्रत्येक ओळ तिला आधीपासून माहीत होती. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "आणि हा चार हजारांचा जोडीदार कोण?"

"ह्याच की!" ती आनंदानं म्हणाली. "घरचंच माणूस. तुमची सोय झाली."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं जी बाई माझ्याकडे नुसती होती, ती मला चार हजारांना मिळत होती. तिनं माझा केसानं गळा कापला होता आणि वर त्याची पावतीही मिळणार होती. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण माझा स्वभाव हट्टी. मी पैसे मोजून दिले आणि पावतीवर ती ओळ नीट छापून घेतली. चार हजारांत काय मिळतं ते मला बघायचं होतं.

बोटीवर तिनं माझे पट्टे तपासले. डाव्या खांद्यावरचा पट्टा तिनं जरा सैल ठेवला, कारण मशीनवर बसून तो खांदा दुखतो हे तिला ठाऊक आहे. हवा, वजनं, मास्क, सगळं बघितलं. ती "ठीक?" म्हणाली, मी मान हलवली. एवढंच बोलणं झालं.

खाली जाताना पाणी हिरवं होत गेलं आणि गार पडलं. जहाजाचा डेक दिसला तेव्हा माझ्या मास्कमध्ये पाणी झिरपायला लागलं. श्वास लहान व्हायला लागले, कॉम्प्युटरवरचे आकडे दिसेनात, आणि वर पळण्याखेरीज दुसरं काही सुचेना. तेवढ्यात तिचा हात पुढे आला. मला तो घ्यायचा नव्हता. अगदी मनापासून घ्यायचा नव्हता. मी घेतला. तिनं दुसऱ्या हाताची बोटं एकेक उघडली आणि मी मोजलं, पाणी फुंकून काढलं, आणि आम्ही ठरल्याप्रमाणे त्या डेकवर दोघी उभ्या राहिलो.

तिथं मला रडू आलं. भीती गेली होती. पण ही बोटं ती माझ्यासाठी उघडतेय की पैसे घेतलेत म्हणून, हे मला काही केल्या ओळखता येईना. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता तो जन्मभर पडणार. तिनं माझा हात दाबला, आणि त्याचंही काय समजायचं ते मला कळलं नाही.

त्या दिवसाच्या आणखी दोन डाइव्ह मी तिच्याकडे न बघता केल्या. संध्याकाळी काउंटरजवळ वह्या भरायच्या होत्या. तिनं माझ्या वहीत सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि पेन तसंच धरून सहीशेजारच्या मोकळ्या जागेकडे नेलं. मी वही ओढून घेतली.

"शिक्का पुरे."

"ताई..." तिचे डोळे भरले होते. केसांतून पाणी टीशर्टवर गळत होतं. "उद्या दोनच राहिल्यात. उद्या मी तुमच्याबरोबर आहे ना?"

उद्या पुन्हा पाणी होतं, पुन्हा मास्क होता, आणि तिच्याखेरीज कुणाचा हात धरून मी आजवर पाण्यात उतरले नव्हते. मी काउंटरवरच्या मुलीकडे वळले.

"मला उद्या दुसरा जोडीदार द्या."

तिनं एकदा धाकटीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "मिळेल काकू. पण आयत्या वेळी बदलायचे वेगळे पडतात."

"लावा," मी म्हटलं. किती पडतात ते मी विचारलं नाही.